वानगीचं फूल

नेरच्या कापूस बाजारात अब्दुल गनींच्या उजव्या हाताला जेवढा मान होता, तेवढा खुद्द अब्दुल गनींना नव्हता. सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, कापसाची गाडी आली की तो हात कोपरापर्यंत आत शिरे, तळातून एक मूठ उपसून आणी, आणि मग दोन्ही हातांचे अंगठे मिळून त्यातली चिमूटभर रुई अशी काही ताणत, की तंतू किती लांब, वाण कुठला, गाडी रात्री दवात उभी होती की मालकानं मुद्दाम पाणी शिंपडलं, हे सगळं अब्दुल गनी जवळजवळ डोळे मिटून सांगत. याला वानगी काढणं म्हणतात. वानगी काढायला कोणी कोणाची परवानगी मागत नाही. मागितली तर गाडीवाला संशयानं पाहील. इतक्या वर्षांत त्या हाताला डोक्याची वाट पाहण्याची सवय उरली नव्हती. पुढे जे झालं त्याला तो हात जबाबदार आहे. अब्दुल गनी त्या क्षणी दुसराच विचार करत होते.

झालं असं. मुलगा युनूस राजूरच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला लागला आणि पहिल्या पगारातून त्यानं घरी पैसे पाठवले. त्या आनंदात अब्दुल गनींनी बायकोला विचारलं, "तुले काही पाह्यजे काय?"

हा प्रश्न ते ईदेच्या आधी दर वर्षी विचारत, आणि हुस्नाबी दर वर्षी चिमटा, चाळणी, नाही तर माठ असं काहीतरी सांगत. म्हणजे घराला जे हवं असे तेच. या खेपेला हुस्नाबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एक फूल पाह्याचं होतं," त्या म्हणाल्या.

"कोणतं?"

"नाव नाई माहीत."

हुस्नाबींचे वडील झरीकडच्या जंगल बंगल्यावर साहेबाचे खानसामा होते. साहेबाच्या मेमनं व्हरांड्यात एक लाकडी जाळीची टोपली टांगली होती आणि त्या टोपलीत, मातीशिवाय, हवेत, एक झाड होतं. त्याला एक लांब दांडी फुटे आणि दांडीवर फुलं येत. खानसाम्याच्या लेकरांनी अंगण ओलांडायचं नाही, असा नियम होता. म्हणून लहानगी हुस्ना स्वयंपाकखोलीच्या दारात बसून रोज ते पाही. पांढरी पाखरं एका ओळीत बसल्यासारखं. मग साहेबाची बदली झाली. सामान गाड्यांतून पुढे गेलं, पण ती टोपली मेमसाहेबानं मोटारीत स्वतःच्या मांडीवर घेतली. मोटार वळणावर दिसेनाशी झाली आणि व्हरांड्यात नुसता टोपलीचा आकडा उरला.

"एकदा पुन्हा पाह्यलं असतं," हुस्नाबी म्हणाल्या आणि सूप उचललं. "जाऊ द्या. माठ आणजा. जुना पाझरून राह्यला."

अब्दुल गनींनी माठ आणला. पण ते फूल त्यांच्या डोक्यातून जाईना. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू, आणि तिचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. माल घ्यायचा आणि वाणाचं नाव माहीत नाही, ही अवस्था त्यांच्या धंद्यात बेअब्रूची समजतात.

त्यांनी चौकशी सुरू केली. शेजारी देवसिंग जंगल खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेला. तो खाटेवरून न उठता म्हणाला, "मातीबिगर झाड? त्याले बांडगूळ म्हणते मियाँ. जन्मभर मी ते तोडून टाकत आलो अन् तुम्ही घरात आणून राह्यले?" दुसऱ्या बाजूच्या कांताबाई म्हणाल्या, "गनीभाई, मोगरा लावा. वास तरी येईन." शेवटी शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांनी त्याला ऑर्किड म्हणतात असं सांगितलं आणि हिवाळ्यात नागपूरला फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे बघा, असंही सुचवलं. मास्तरांनी स्वतः ऑर्किड पाहिलं नव्हतं. पण ते पुस्तकात होतं, म्हणजे जगातही कुठेतरी असणार, अशी त्यांची शिस्त होती.

अब्दुल गनी काळी शेरवानी घालून नागपूरला गेले. घरी त्यांनी जिनाचं काम आहे एवढंच सांगितलं.

प्रदर्शनात शेवंती होती, गुलाब होते, बक्षिसांच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या चिठ्ठ्यांवरून आपसांत न बोलणारे वकील होते. अगदी टोकाला, तंबूच्या सावलीत, कानटोपी घातलेले एक बंगाली बाबू बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर, बाजूला, पाठीमागे टोपल्या टांगलेल्या होत्या. अब्दुल गनी वाटेतच थांबले. पलीकडच्या कोपऱ्यात एका बाकदार दांडीवर एक पांढरं फूल होतं. एकच. बाकीची गळून गेली असावीत. पांढरं पाखरू बसल्यासारखं.

ते चालत त्या टोपलीपाशी गेले आणि बाबूंना गिऱ्हाईक दिसलं. नवीन माणसानं पहिलं ऑर्किड कसं घ्यावं, यावर त्यांचं प्रवचन तयार होतं आणि ते सकाळपासून कोणी ऐकलं नव्हतं. फूल पाहून झाड घेऊ नये, असं ते सांगू लागले. पान पाहावं, ताठ आणि हिरवं असावं. मूळ पाहावं, पांढरं आणि भरीव असावं. नवा कोंभ आहे का ते पाहावं. माती घालू नये. फूल काय, आज आहे, उद्या नाही. अब्दुल गनी मान डोलवत होते. बाबूंना वाटलं, शिष्य मिळाला. प्रत्यक्षात अब्दुल गनी नेरच्या अंगणात होते, हुस्नाबींच्या हाती टोपली देत होते, आणि त्या काय म्हणतील याचा विचार करत होते.

हात मात्र नागपुरातच होता. तो पुढे झाला, फुलापर्यंत गेला, आणि त्यानं वानगी काढली.

फूल खुडल्याचा बारीक आवाज झाला. दोन्ही अंगठ्यांनी सवयीनं त्याच्या पाकळ्या ताणल्या आणि डोळ्यांजवळ नेल्या. तेव्हा कुठे अब्दुल गनी नागपूरला परत आले, आणि त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. आपण फूल तोडलं, ही पहिली. दुसरी अशी, की लांबून पांढरं दिसणाऱ्या त्या फुलाच्या आत तपकिरी ठिपके होते. बारीक, दाट, पाकळीच्या मुळापासून कडेपर्यंत. हुस्नाबींचं फूल पांढरं होतं. हा वाण वेगळा होता.

"अरे बाबा!" बाबू ओरडले. "ये आपने क्या किया?"

"वानगी काढली," अब्दुल गनींनी खरं ते सांगितलं.

"क्या निकाला?"

लोक जमले. चष्मा लावलेल्या एका बाईंनी 'असल्या लोकांना आत सोडतात कसे' असं आपल्या यजमानांना विचारलं, आणि यजमानांनी आपण आत सोडणाऱ्यांपैकी नाही, असं सांगितलं. एक स्वयंसेवक छातीवरचा बिल्ला सरळ करत आला. अब्दुल गनींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वानगी काढून माल नाकारता येतो, हा जिनाचा नियम त्यांना ठाऊक होता. पण वानगीतच सगळा माल संपला तर काय करायचं, याबद्दल जिनात नियम नव्हता. अख्खा बाजार ज्याच्या शब्दावर भाव ठरवतो, त्या माणसानं फुकट फूल तोडून निघून जायचं? ते ताठ उभे राहिले.

"ले लिया," ते म्हणाले.

किंमत हुस्नाबींना कधीच कळली नाही, म्हणून ती इथेही सांगत नाही. दुसरं एखादं निखळ पांढरं आहे का, असं विचारायला तोंड उरलं नव्हतं, आणि खिशात जे उरलं होतं ते परतीच्या मोटारीचं होतं. बाबूंनी टोपली बांधून देताना पुन्हा सगळं समजावलं, पण रागाच्या बंगालीत. अब्दुल गनींनी तोडलेलं फूल रुमालात गुंडाळून शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवलं. ते का ठेवलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर एका गावी मोटार बदलायची होती, आणि तिथल्या जकात नाक्यावर त्यांना थांबवण्यात आलं. नाक्यावरच्या कारकुनानं टोपलीत डोकावून पाहिलं.

"हे काय हाय?"

"झाड."

"माती कुठी हाय?"

"याले माती लागत नाई."

कारकुनानं अब्दुल गनींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हा माणूस काळी शेरवानी घालून सरकारी नोकराची थट्टा करतो आहे, असा त्याचा समज झाला. त्यानं दरांचा तक्ता काढला. भाजीत ते बसेना, कारण ते खाता येत नव्हतं. चाऱ्यात बसवायला गुरानं खाल्लं पाहिजे. इमारती लाकूड म्हणावं तर फार लहान. औषधी म्हणावं तर कशावर, हे अब्दुल गनींना सांगता येईना. मोटारवाला भोंगा वाजवू लागला. कारकुनानं टोपलीत बोट घातलं आणि त्याचा चेहरा उजळला. झाडाच्या मुळांना आधार म्हणून बाबूंनी टोपलीत कोळशाचे तुकडे भरले होते.

"कोळसा हाय ना! मंग सांगा ना तसं, चाचा."

आणि त्यानं कोळशाची पावती फाडली.

त्याच मोटारीत नेरचा एक दलाल बसला होता. त्यामुळे ज्याचा पोरगा राजूरच्या खाणीत आहे त्या अब्दुल गनींनी नागपूरहून टोपलीभर कोळसा आणला, ही बातमी अब्दुल गनींच्या आधी घरोघर पोचली.

हुस्नाबी दारात आल्या. त्यांनी टोपली पाहिली, ताठ हिरवी पानं पाहिली, बाहेर लोंबणारी पांढरी मुळं पाहिली. मग सुकलेली दांडी पाहिली आणि तिच्या टोकाकडे पाहत राहिल्या.

"फूल?"

"येईन," अब्दुल गनी म्हणाले. शेरवानीच्या आतला रुमाल त्यांना छातीवर जड लागत होता.

संध्याकाळपर्यंत कांताबाई आल्या. "अगं बाई, मातीच नाई दिली? गनीभाई, लुटलं तुमाले!" नागपूरच्या लबाडांनी आधी माती विकली असेल आणि उरलेलं झाड तुमच्या गळ्यात मारलं, असा त्यांचा तर्क होता. बाबूंनी मातीबद्दल काहीतरी सांगितल्याचं अब्दुल गनींना अंधूक आठवत होतं. पण घाला म्हणाले की घालू नका, हे आठवत नव्हतं. अपमान होत असताना माणूस उपदेश नीट ऐकत नाही. आणि नेरच्या माणसाला मातीशिवाय झाड हे डोक्याशिवाय टोपीसारखं वाटतं. देवसिंगनं, बांडगुळाबद्दलचं आपलं मत राखून ठेवून, स्वतःच्या वावरातली काळी माती पाटीभर आणून दिली. "या मातीत कापसाची पऱ्हाटी मानेइतकी वाढते मियाँ. तुमचं बांडगूळ तं नाचन." झाड कुंडीत गेलं. जिनातून सरकीची ढेप आली, भिजवून ती मुळाशी घातली. ढेपेच्या वासावर कांताबाईंची बकरी भिंत ओलांडून आली आणि ढेपेबरोबर दोन पानं खाऊन गेली. कांताबाई म्हणाल्या, "आता फूट चांगली येईन," आणि बकरीला काही झालं तर बघा, असंही म्हणाल्या.

बकरीला काही झालं नाही. झाड मात्र दिवसेंदिवस पिवळं पडत गेलं. काळ्या मातीत पाणी धरून राहिलं आणि मुळं कुजू लागली. मग ऊन तापलं, माती भेगाळली आणि तिनं उरलेल्या मुळांना आवळलं. अब्दुल गनी रोज सकाळी भिंग लावून पानं तपासत आणि रोज एक प्रत खाली उतरवत.

हुस्नाबी इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. नवऱ्यानं आणलेली वस्तू आणि शेजाऱ्यांनी दिलेली माती, दोन्हीचा मान होता. एका दुपारी मात्र त्यांनी कुंडी आडवी केली, झाड उपसलं, मुळं धुतली, काळी पडलेली कापून टाकली.

"काय करून राह्यली?" अब्दुल गनी धावत आले. "मातीतून काढलं तं मरन ते!"

"त्याच्या खाली काहीच नोतं," हुस्नाबी म्हणाल्या. "हे मले पक्कं याद हाय. त्याच्या खालून साहेबाचा कुत्रा जात होता."



झाड पुन्हा कोळशाच्या टोपलीत गेलं आणि अंगणापलीकडच्या ओसरीत, पाण्याच्या माठांवर, वाळ्याच्या ताटीआड टांगलं गेलं. ताटीवर पाणी मारताना हुस्नाबी दोन शिंतोडे त्याच्यावर मारत. तिथे उन्हाळ्यातसुद्धा गारवा असे. जगलं तर जगलं.

ते जगलं. पावसाळ्यात हिरव्या टोकाचं एक मूळ बाहेर आलं आणि हवेत काहीतरी शोधू लागलं. मग एक पान फुटलं. बाजारात मण जाऊन क्विंटल आला, मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, आणि झाडाला आणखी एक पान आलं. फूल आलं नाही.

"आलं काय जी फूल?" कांताबाई भिंतीवरून विचारत. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते अब्दुल गनींना जास्त लागलं.

त्यांची अवस्था चमत्कारिक झाली होती. जिनातून आल्यावर ते आधी ओसरीत जात, ताटी बाजूला सारत आणि कोंभ शोधत. तो नाही असं पाहून त्यांचा जीव खाली बसे, आणि लगेच दुसरीकडून हलकाही होई. फूल आलं नाही तर हुस्नाबींचं पाहणं राहून जाणार. आलं तर त्यावर ठिपके असणार, आणि ज्याच्या पारखीवर बाजार चालतो त्यानं बायकोच्या एका मागण्याला भलताच वाण आणला, हे तिला दिसणार. सांगून टाकावं, असं त्यांना अनेकदा वाटलं. पण हुस्नाबी ताटीवर पाणी मारून झाल्यावर रिकामा तांब्या हातात धरून त्या टोपलीकडे बघत क्षणभर थांबत. ते थांबणं पाहिलं की अब्दुल गनी सांगायचं उद्यावर टाकत. बाजारातही फरक पडला. गाडीपाशी गेलं की त्यांचा हात थबके, विचार करे, आणि मग आत जाई. गाडीवाले आपसांत म्हणू लागले, गनीसेठ अडकते काहून जी? मालात काही खोट हाय का?

दुसरा हिवाळा सरत आला तेव्हा पानांच्या बेचक्यातून एक कोंभ आला. मूळ म्हणावं तर तो वर वळला होता. अब्दुल गनींनी भिंग काढलं. त्यांनी हात पुढे केला तोच मागून हुस्नाबींचा आवाज आला.

"हात मांग बांधा."

"काहून?"

"शेरवानी उन्हात टाकाले काढली तवाच रुमाल पाह्यला मी."

अब्दुल गनी वळले. इतके दिवस हे हिला माहीत होतं! त्यांना राग यावा की लाज वाटावी हे ठरेना. शेवटी त्यांनी हात मागे बांधले.

"त्या फुलाचं असं हाय हुस्नाबी, की ते..."

"सुकून तंबाखू झालं होतं. मंग काय दिसन त्याच्यात?" असं म्हणून त्या दूध बघायला गेल्या.

म्हणजे ठिपक्यांचं अजून माहीत नव्हतं.

दांडी वाढली, वाकली, तिच्यावर कळ्या धरल्या. एका सकाळी पहिल्या कळ्या उघडल्या. देवसिंग खाटेवरून उठून आला, आणि तेवढ्यानंच गल्लीला प्रसंगाचं महत्त्व कळलं. त्यानं फुलं निरखली. "बांडगूळच हाय," तो म्हणाला. पण टोपी काढून म्हणाला. कांताबाईंनी वास घेतला, तो आला नाही, म्हणून मोगऱ्याची आठवण करून दिली आणि बकरी बांधायला गेल्या.

अब्दुल गनी ओसरीत एकटे उरले. हात मागे बांधूनच ते पुढे झाले आणि त्यांनी डोळे फुलाला लावले. ठिपके होते. बारीक, दाट, मुळापासून कडेपर्यंत. त्यांच्या स्मरणाला खोट नव्हती. खोट असती तर बरं झालं असतं.

"हुस्नाबी," ते फुलाकडेच तोंड ठेवून म्हणाले, "मले माफ कर. हे ते नाई. मी नागपूरलेच पाह्यलं होतं. याच्यात ठिपके हायत. तुझं पांढरं होतं."

त्यांनी मागे पाहिलं. हुस्नाबी ओसरीत आल्याच नव्हत्या. अंगणापलीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, त्या गुडघ्यांभोवती हात घेऊन बसल्या होत्या.

"सरका ना जी," त्या म्हणाल्या. "आड येऊन राह्यले."

अब्दुल गनी सरकले.

हुस्नाबी पाहत राहिल्या. चुलीवर काहीतरी करपल्याचा वास आला तरी त्या उठल्या नाहीत.

"तेच हाय," त्या म्हणाल्या.

"अवो, ठिपके हायत याले. जवळ येऊन पाहा."

"मी जवळून कवा पाह्यलं होतं?"

अब्दुल गनी फुलाजवळ उभे राहिले, मग अंगण ओलांडून आले आणि उंबऱ्यापाशी टेकले. इतक्या लांबून त्यांनी आयुष्यात कुठलाही माल पाहिला नव्हता. ओसरीच्या सावलीत, माठांच्या वर, पांढरी पाखरं एका ओळीत बसली होती. एकाही पाखरावर ठिपका नव्हता. त्यांनी भिंग खिशात टाकलं.

"जाऊन हात नाई लावणार?" त्यांनी विचारलं.

हुस्नाबींनी मान हलवली. अंगणात ऊन उतरलं होतं. त्या उन्हाच्या अलीकडेच त्यांनी पाय आखडून घेतले होते.

"आता कोणी मांडीवर घेऊन जाणार नाई न?" त्यांनी विचारलं.

"कोण नेईन?" अब्दुल गनी म्हणाले. "आपल्याजवळ कोळशाची पावती हाय."